लॅटिन नको, पुढे बोला

इनास सरांना कुठल्याही शब्दाचा अर्थ विचारू नये, ही सूचना आमच्या कंपनीत नव्या माणसाला हेल्मेट आणि गमबूट मिळायच्या आधी मिळायची. अ‍ॅसिड अंगावर उडालं तर काय करायचं, हे आमच्याकडे भिंतीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेलं होतं. सरांच्या तावडीत सापडल्यावर काय करायचं, हे मात्र कुठल्याच भाषेत लिहिलेलं नव्हतं. माझ्या मते सुरक्षा विभागाचा हा गंभीर हलगर्जीपणा होता.

मला तर तोंडीसुद्धा कुणी सांगितलं नाही. मी एक्स्पोर्टला रुजू झालो आणि माझं टेबल सरळ त्यांच्या शेजारी लावण्यात आलं. बाकीचे सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जशी माणसं देवाला सोडलेल्या बोकडाकडे बघतात.

आमची कंपनी तारापूर एमआयडीसीतली, कापडाचे रंग बनवणारी. बराचसा माल स्पेनला जायचा. तिकडच्या मंडळींना इंग्रजी यायचं, पण रागावली की ती स्पॅनिशमध्ये लिहायची, आणि रागावण्याची त्यांना आवड होती. म्हणून इनास लोपीस नावाचा हा वसईकडचा, साठी ओलांडलेला, शेवग्याच्या शेंगेसारखा उंच आणि सुकलेला गृहस्थ कंत्राटावर ठेवलेला होता. आलेली स्पॅनिश पत्रं आम्हाला समजावून सांगायची आणि आमची उत्तरं स्पॅनिशमध्ये लिहून पाठवायची, एवढंच काम. कामाला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं. पण त्या कामाच्या वाटेवर रोम लागायचं.

पहिल्याच आठवड्यात स्पेनची एक मेल आली. त्यात एक शब्द तांबड्या अक्षरांत होता. मी भाबडेपणाने विचारलं, "सर, हे मुएस्त्रा म्हणजे काय?"

सरांनी चष्मा काढला. पुढे मला कळलं की भरतीच्या आधी समुद्र जसा मागे सरतो, तसा हा चष्मा निघतो. त्यांनी डोळे मिटले.

"मोन्स्त्रारे. लॅटिन. म्हणजे दाखवणे. आता देवाला माणसांना इशारा द्यायचा असला की तो काहीतरी अचाट दाखवायचा. दोन डोक्यांचं वासरू म्हणा..."

"सर, कुरियरवाला खाली उभा आहे."

"...त्या वासराला म्हणायचे मोन्स्त्रुम. इंग्रजांचा मॉन्स्टर, म्हणजे राक्षस, इथूनच गेला."

"म्हणजे स्पेनवाले राक्षस मागतायत?"

"घाई करू नका. वासराचं अजून संपलेलं नाही."

वासराचं संपलं तेव्हा कुरियरवाला पाम गावाच्या पुढे गेला असेल. मग सरांनी चष्मा चढवला आणि प्रसन्न आवाजात म्हणाले, "नमुना. नमुना मागतायत. आजच पाठवा म्हणतात, जरा तातडीचं दिसतंय."

मी टेबलावर डोकं टेकलं. त्यांना वाटलं, मी भारावून गेलोय.

असा हा माणूस. त्यांचा पूर्वेतिहास मला सांगता येणार नाही, कारण तो त्यांनी मला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा सांगितला. तरुणपणी पाद्री व्हायला सेमिनरीत गेले होते आणि लॅटिन तिथलं, एवढं नक्की. पाद्री का झाले नाहीत, याचं कारण कधी मलेरिया असायचं, कधी एक बिशप आणि एकदा तर मत्स्याहार. स्पॅनिश जहाजावर शिकले असं म्हणायचे, पण जहाजावर काय होते हे विचारलं की 'जहाज' या शब्दाकडे वळायचे. त्यामुळे मी विचारणं सोडलं.

त्यांच्या खिशात नेहमी सुकेळी असायची. वसईकडची ती पिकवून, उन्हात वाळवून, केळीच्याच सोपटात बांधलेली मधासारखी केळी. नियम असा होता की शब्दाची गोष्ट जो शेवटपर्यंत, मध्ये न बोलता ऐकेल, त्याला एक सुकेळं. ते स्वस्त बक्षीस नव्हतं. तरी आख्ख्या कंपनीत ते कमावलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी होती, आणि मी त्या बोटांत नव्हतो. मी नेहमी 'मधल्या काळात फ्रान्समध्ये' या वळणावर पडायचो.

नियमाने सुकेळी खाणारी एकच होती, जागृती.

जागृती आमच्या लॅबमध्ये केमिस्ट. पालघरजवळच्या माहीमची, मासेमारी करणाऱ्या घरातली. आई हिराबाई पालघरच्या बाजारात मासळी घेऊन यायची. सकाळी दोघी एकाच रिक्षाने माहीमहून पालघरला यायच्या. आई तिथे पाटी उतरवायची आणि लेक आमच्या कंपनीच्या बसमध्ये चढायची. बसमध्ये ती सरांच्या शेजारी बसायची, कारण तीच एक जागा नेहमी रिकामी असायची.

लॅबचा जुना इन्चार्ज नोकरी सोडून गेला, तेव्हापासून त्याचं सगळं काम जागृती करत होती. खुर्ची मात्र रिकामी होती. प्लँट हेड टिपणीस साहेबांना विचारलं की ते म्हणायचे, "बघू. सध्या तू सांभाळ." हे 'सध्या' वर्षानुवर्षं चाललं होतं. रिपोर्ट तिने काढायचा, स्पेनवाले रागावले की खुलासा तिने द्यायचा, आणि मीटिंगला मात्र टिपणीस साहेब 'माझी लॅब' म्हणायचे. तिला एवढंच हवं होतं की जे काम ती करते त्याचं नाव तिला मिळावं. चिडली की बसमध्ये मला म्हणायची, "दादा, आमच्याकडे बोट एक हाकतो नि तांडेल म्हणून मिरवतो दुसरा, असं नसतं हो."

एका सकाळी पालघर नाक्यावर बस लागलेली होती. शेजारी हिराबाई भरलेली पाटी घेऊन उभी. भरलेली पाटी एकटीने डोक्यावर घेता येत नाही, कुणीतरी दुसऱ्या बाजूने उचलून द्यावी लागते. सर बसमध्ये चढत होते.

"ओ सर, जरा हात लावा नं."

सरांनी हात लावला. लावता लावता म्हणाले, "बाई, हे ओझं उचलायला लॅटिनमध्ये..."

"ते मंग सांगा. पयले पाटी उचला, मान मोडते माझी!"

पाटी डोक्यावर गेली. सर कौतुकाने म्हणाले, "आणि कुणी हात लावला नाही तर?"

"असा कसा लावनार नाय? आमच्यात भांडन असला तरी पाटीला हात लावतात. पाटी चढव, मग शिव्या दे. ज्याला हाक मारली त्याने नाय म्हनायचा नाय."

बसचा ड्रायव्हर रामसजीवन हॉर्नवर हात ठेवून ओरडला, "लोपीस चाचा, लॅटिन बाद में, पहले बैठिए!"

सर बसले, पण चष्मा हातात होता. वाटेतलं उमरोळी येईपर्यंत गप्प होते. ही गोष्ट इतकी विलक्षण होती की मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?"

त्याच सुमारास 'एन्कार्गादा' सुरू झालं. कँटीनमध्ये वरण वाढत असताना सरांनी मला गाठलं. "स्पेनमध्ये एखाद्या खात्याची इन्चार्ज बाई असली तर तिला काय म्हणतात माहीत आहे? एन्कार्गादा. पुरुष असला तर एन्कार्गादो. आता याच्या मुळाशी आहे कार्रुस. कार्रुस म्हणजे गाडी. रोमन लोकांनी हा शब्द गॉल लोकांकडून उचलला. त्यावरून कार्रिकारे, गाडीत माल चढवणे. मधल्या काळात फ्रान्समध्ये..."

मी ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेलो. 

पण या वेळी सर थांबेनात. एरवी एका शब्दाचा छळ एक दिवस चालायचा. एन्कार्गादा महिनोन् महिने चाललं. त्यांनी ते गेटवरच्या वॉचमनला सांगितलं. बॉयलरवाल्याला सांगितलं. हिशेबखात्यातल्या बाईंना सांगायला गेले, तेव्हा त्यांनी फोन कानाला लावला आणि तो बंद असताना त्यावर बोलत राहिल्या. टिपणीस साहेबांच्या केबिनमध्ये तर ते माझ्यादेखत निदान दोनदा गेले.

"साहेब, लॅबबद्दल स्पेनला जे लिहितोय, त्यातल्या एका शब्दाबद्दल तुम्हाला सांगितलं पाहिजे. कार्रुस म्हणजे गाडी..."

"सर, लॅटिन नको, पुढे बोला."

"त्यावरून कार्रिकारे..."

"सर! पुढे!"

"पुढचं मागच्याशिवाय कसं सांगू, साहेब?"

"मग राहू द्या. तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा," टिपणीस साहेब म्हणाले आणि फोन उचलला. सर बाहेर आले. आता मागे वळून पाहताना मला वाटतं, त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जरा जास्तच समाधान होतं.

मग एके दिवशी बातमी आली की लॅबला इन्चार्ज मिळाला. मालकांच्या साडूचा मुलगा, चिराग. शिकलेला होता, स्वभावाने गरीब होता आणि पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता. रंगाच्या कंपनीत पांढरा शर्ट घालून येणारा माणूस लांबूनच नवा म्हणून ओळखू येतो. त्याला बघून सर खदखदा हसायला लागले. "कान्दिदातुस!" ते म्हणाले. "रोममध्ये मतं मागायला निघणारा माणूस खडूने पांढरा केलेला झगा घालायचा. उमेदवार म्हणजे मुळात पांढरा केलेला!"

"सर, आज नको," मी म्हणालो, कारण जागृती तिथेच उभी होती. लाल रंगात बुडवलेली कापडाची पट्टी हातात घेऊन ती खिडकीच्या उजेडात बघत राहिली. ती पट्टी तिने बराच वेळ बघितली. एवढं बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चिराग पुढच्या सोमवारी खुर्चीत बसणार होता. त्याआधी शुक्रवारी स्पेनहून पाहुणे आले.

गेटवर हार, नारळ, रांगोळी. मालक स्वतः आलेले. टिपणीस साहेब टाय लावून. चिराग नव्या पांढऱ्या शर्टात. जागृतीला लॅबमध्येच थांबायला सांगितलेलं, पण नमुन्यांचा ट्रे कुणालाच नीट धरता येईना म्हणून शेवटी तिलाच बोलावलं आणि मागे उभं केलं. गाडीतून तिकडच्या खरेदीखात्याच्या प्रमुख मर्सेदेस बाई उतरल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, चालण्यात घाई. हार गळ्यात पडायच्या आत त्यांनी सगळ्यांकडे एक नजर टाकली, हातातली खाऊची पेटी वर धरली आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"दोन्दे एस्ता ला एन्कार्गादा?"

वाचकहो, आख्ख्या कंपनीच्या अंगावर काटा आला. वाक्य कुणाला कळलं नाही, पण शेवटचा शब्द वॉचमनपासून बॉयलरवाल्यापर्यंत प्रत्येकाने इतक्या वेळा ऐकला होता आणि इतक्या वेळा त्यापासून पळ काढला होता, की सगळ्यांच्या माना एकदम सरांकडे वळल्या. शब्द सगळ्यांना पाठ होता. तो कुणासाठी आहे, हे एकालाही माहीत नव्हतं.

"काय म्हणतायत?" टिपणीस साहेबांनी विचारलं.

"लॅबच्या इन्चार्ज बाई कुठे आहेत, म्हणतायत."

"बाई? कोण बाई?"

"जागृती. लॅबच्या प्रत्येक उत्तराखाली मी तेच लिहितो. जागृती, एन्कार्गादा. मागच्या खेपेला लाल रंग फिका पडतो म्हणून हे लोक भांडत होते, तेव्हा हिनेच त्यांना तिथल्या पाण्याची बाटली पाठवायला सांगितली होती. दोष रंगाचा नव्हता, त्यांच्या जड पाण्याचा होता. या मर्सेदेस बाईंची नोकरी तेव्हा थोडक्यात वाचली. त्या आभार मानायला आल्यात."

टिपणीस साहेबांचा टाय हळूहळू त्यांना घट्ट होत होता. "सर, हे तुम्ही कुणाला विचारून लिहिलंत?"

सरांनी चष्मा काढला.

"कार्रुस म्हणजे गाडी..."

"लॅटिन नको! पुढे बोला!"

"पुढचं हेच आहे, साहेब," सर शांतपणे म्हणाले. "तुम्ही प्रत्येक वेळी इथेच थांबवता. कार्रुस म्हणजे गाडी, कार्रिकारे म्हणजे तीत माल चढवणे, आणि एन्कार्गादा म्हणजे जिच्यावर ओझं चढवलंय ती बाई. तुमचा इंग्रजी चार्जसुद्धा त्याच गाडीतून आलाय. ओझं हिच्या डोक्यावर आहे म्हणून मी लिहिलं. तुम्हाला सांगायला आलो, तर तुम्ही म्हणालात, योग्य वाटेल ते लिहा."

मी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागलो, कारण हे खरं होतं आणि मी साक्षीदार होतो.

"त्यांना सांगा," साहेब दातांतून बोलले, "इन्चार्ज चिराग आहे. सोमवारपासून."

"सांगतो," सर म्हणाले. आणि त्यांनी खरोखर सांगितलं, एकही शब्द न वाढवता. इतकं आखूड भाषांतर त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

मर्सेदेस बाईंनी चिरागकडे बघितलं, त्याच्या शर्टाकडे बघितलं, आणि सरांना काहीतरी विचारलं. सरांनी त्याचं मराठी केलं नाही. ते मागे वळून जागृतीला म्हणाले, "बाय, त्या विचारतायत, पाण्याची बाटली कुणी मागितली. हे मी सांगू शकतो. पण सांगणार नाही. माझा हात लावून झाला."

जागृतीने टिपणीस साहेबांकडे पाहिलं. ही नोकरी गेली तर हाताशी दुसरी नव्हती, हे तिला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. मग ती ट्रे घेऊन एक पाऊल पुढे आली.

"यो," ती म्हणाली.

यो म्हणजे मी. बसमध्ये सुकेळी खाता खाता ती काय शिकत होती, ते तेव्हा आम्हाला कळलं. मग तिने आणखी चार-सहा वाक्यं बोलून दाखवली. अडखळत, पण स्पॅनिशमध्ये. त्यात पाणी होतं, लाल होता आणि बोट सरळ स्वतःकडे होतं.

मर्सेदेस बाईंनी गळ्यात पडू घातलेला हार मधल्यामध्ये पकडला आणि जागृतीच्या गळ्यात घातला. आमच्या मालकांना स्पॅनिश येत नाही, पण ऑर्डर कुठल्या दिशेने बघते आहे ते कुठल्याही भाषेत कळतं. ते तोंडभर हसून म्हणाले, "हां हां, इन्चार्ज तो यही है! पहले से!"

चिराग सर्वांत जास्त सुटल्यासारखा दिसला. पुढे तो विक्रीखात्यात गेला, तिथे त्याचं छान चाललं आहे, आणि आता तो गडद शर्ट घालतो.

जागृतीच्या नेमणुकीचं पत्र निघालं, दारावर नावाची पाटी लागली. सरांचं कंत्राट संपलं तेव्हा मात्र ते पुढे वाढवलं गेलं नाही. टिपणीस साहेब गोड आवाजात म्हणाले, "भाषांतर आता मोबाइल करतो, सर. शिवाय तो मध्ये थांबत नाही." जागृती भांडायला निघाली होती. सरांनीच तिला अडवलं. "बाय, पाटी चढली. आता चाल. मागे बघितलंस तर सांडेल."

शेवटच्या दिवशी ते शब्दकोशांचं एक खोकं घेऊन बसमध्ये चढले. सगळं लॅटिन त्यात होतं, आणि एरवी सगळ्यांच्या डोक्यावर बसणारं लॅटिन त्या दिवशी प्रत्यक्षातही तितकंच जड निघालं. पालघर नाक्यावर मी आणि रामसजीवनने ते खाली उतरवलं. हिराबाई मासळी विकून रिकामी पाटी घेऊन उभी होती. लेकीने तिला आधीच सांगून ठेवलेलं असावं. तिने पाटी खाली ठेवली, खोकं त्यात घातलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, रिक्षापर्यंत मी नेते. हात लावा."

"बाई, अहो, तुमची पाटी मासळीची, आणि हा लॅटिन शब्दकोश..."

"वास लागंल म्हनता? लागू दे की. वाचताना भूक लागंल. पयले हात लावा!"

सरांनी मुकाट्याने हात लावला. जागृतीने दुसऱ्या बाजूने लावला. हिराबाई खोकं डोक्यावर घेऊन भराभरा निघाली.

मी परत बसमध्ये चढून खिडकीत बसलो होतो. निरोपाचं काहीतरी बोलावं म्हणून, केवळ म्हणूनच, मी ओरडलो, "सर, आता निवृत्त झालात! कसं वाटतंय?"

सरांनी चष्मा काढला.

"निवृत्त माणसाला स्पॅनिशमध्ये हुबिलादो म्हणतात. बाईला हुबिलादा. लॅटिन यूबिलारे. आता हे मुळात रानातल्या मेंढपाळांचं..."

"चलो चलो!" रामसजीवनने गिअर टाकला.

"लवकर बोला सर! पुढे बोला!"

"...मेंढपाळ लांबच्या टेकडीवरच्या मित्राला बघून आनंदाने..."

बस सुटली. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्धा बाहेर वाकून त्यांचं बोलणं ऐकत होतो, आणि पहिल्यांदाच त्यांना शब्द अपुरे पडत होते, कारण बस शब्दांपेक्षा जोरात होती. सरांच्या ते लक्षात आलं असावं. भर रस्त्यात, पुढे डोक्यावर लॅटिन घेऊन चाललेली हिराबाई, मागे लेक, आणि मध्ये हा उंच सुकलेला माणूस. त्याने दोन्ही हात वर केले, मान मागे टाकली आणि अशी एक लांबलचक आरोळी ठोकली की नाक्यावरचे कावळे उडाले.

रामसजीवनने आरशात बघितलं. "अरे! चाचा को क्या हो गया?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "अर्थ सांगतायत."